चार मिनिटे आणि उरलेले आयुष्य

खेळाडूंच्या आत्मचरित्रांकडे वाङ्मयरसिक सहसा आदराने पाहत नाहीत, आणि ह्याबद्दल त्यांना फारसा दोषही देता येणार नाही. ह्या वर्गातील बहुतेक पुस्तके एकाच साच्यातून काढलेली असतात. लहानपणीची गरिबी किंवा दुखणे, कोणा गुरूची पारख, पहिला पराभव, मग निश्चय, मग विजय आणि शेवटी तरुण पिढीला उपदेशाचे चार शब्द, हा क्रम वाचकाला पहिले प्रकरण संपण्यापूर्वीच कळून चुकतो. पुष्कळदा नाव खेळाडूचे आणि लेखणी दुसऱ्याची, असाही प्रकार असतो. परिणामी जाणत्या वाचकाने जे दोन प्रश्न विचारावेत त्यांचीच उत्तरे अशा पुस्तकांत मिळत नाहीत. पहिला प्रश्न असा की, ज्या गोष्टीवर ह्या मनुष्याने आपल्या तारुण्याची उत्तम वर्षे वेचली ती त्याला इतकी हवीशी का वाटली? आणि दुसरा असा की, ती हाती आल्यावर पुढच्या आयुष्यात तिची किंमत त्याने काय ठरविली?

रॉजर बॅनिस्टर ह्या इंग्रज धावपटूची दोन आत्मचरित्रे ह्या सर्वसाधारण नियमाला अपवाद आहेत. पहिले, ‘द फर्स्ट फोर मिनिट्स’, १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी लेखकाचे वय सव्वीस वर्षांचे होते. दुसरे, ‘ट्विन ट्रॅक्स’, २०१४ साली बाहेर पडले. तेव्हा लेखक पंचाऐंशी वर्षांचे वयोवृद्ध आणि निवृत्त वैद्य होते. एकाच पराक्रमाविषयी एकाच मनुष्याने सव्विशीत आणि पंचाऐंशीत लिहावे, ही टीकाकाराच्या वाट्याला क्वचितच येणारी संधी होय. तरुणपणी मांडलेले जीवनविषयक मत पुढील सहा दशकांच्या व्यवहारात टिकले की विरले, हे पडताळून पाहण्याची सोय येथे आपोआपच झाली आहे. म्हणून ही दोन पुस्तके स्वतंत्रपणे न वाचता एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्हांस वाटते.

ज्या घटनेभोवती ही दोन्ही पुस्तके उभी आहेत ती थोडक्यात अशी. पायी धावून एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत कोणालाही कापता आलेले नव्हते. स्वीडनच्या गुंडर हेग ह्याने १९४५ साली ४ मिनिटे १.४ सेकंदांपर्यंत मजल मारली होती, आणि हा विक्रम पुढे जवळजवळ नऊ वर्षे अबाधित राहिला. ता. ६ मे १९५४ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास ऑक्सफर्डच्या इफ्ली रोडवरील मैदानावर बॅनिस्टर ह्यांनी ते अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केले. त्या वेळी ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकाचे विद्यार्थी होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी धावण्याच्या स्पर्धांचा कायमचा निरोप घेतला आणि उरलेले आयुष्य मज्जासंस्थेच्या रोगांच्या अभ्यासाला वाहिले. त्यांचे निधन ३ मार्च २०१८ रोजी झाले.

पहिल्या पुस्तकाचा आरंभच लेखकाची जात दाखवून देतो. समुद्रकिनाऱ्यावरील कोरड्या वाळूत अनवाणी उभा असलेला एक लहान मुलगा अचानक धावू लागतो, आणि आपल्या देहात आजवर न जाणवलेली एक शक्ती आहे असा त्याला साक्षात्कार होतो. येथे पदक नाही, प्रतिस्पर्धी नाही, घड्याळही नाही. आहे तो केवळ हालचालीचा आनंद. बॅनिस्टर ह्यांच्या खेळविषयक तत्त्वज्ञानाचे बीज ह्या एका आठवणीत आहे, आणि पुढचे सारे पुस्तक म्हणजे त्या आनंदावर घड्याळाचे, वृत्तपत्रांचे आणि राष्ट्राभिमानाचे ओझे कसे चढत गेले व लेखकाने ते ओझे कसे वाहिले ह्याची हकीकत आहे. लेखकाचे वडील लँकाशायरमधून लंडनला येऊन सरकारी कचेरीत नोकरी करणारे, म्हणजे आपल्याकडील मध्यम स्थितीच्या कुटुंबप्रमुखासारखेच गृहस्थ. त्यांनी १९४५ साली मुलाला सिडनी वुडरसन ह्या ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या इंग्रज धावपटूची स्वीडनच्या आर्ने अँडर्सनबरोबरची शर्यत दाखवावयास नेले. वुडरसन त्या दिवशी हरला. परंतु पाहणाऱ्या मुलाच्या मनात त्याच दिवशी काहीतरी रुजले. पराभवातही अनुकरणीय काही असू शकते हे ज्याला बालवयात उमगले, त्याचे आत्मचरित्र विजयाच्या नगाऱ्यांनी बधिर होत नाही.

ह्या दृष्टीने पाहता पहिल्या पुस्तकातील सर्वांत सरस भाग चार मिनिटांच्या मैलाचा नसून १९५२ सालच्या हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांचा आहे, असे आमचे मत आहे. बॅनिस्टर तेथे १५०० मीटरच्या शर्यतीसाठी गेले ते इंग्लंडच्या सर्व आशा पाठीवर घेऊन. त्यांनी आपली तयारी प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी अशा दोन शर्यतींच्या हिशेबाने बेताची ठेवली होती. ऐन वेळी मध्ये आणखी एक उपांत्य फेरी घालण्यात आल्याचे जाहीर झाले आणि तो हिशेब कोलमडला. अंतिम शर्यत लक्झेम्बर्गच्या योझी बार्थेलने जिंकली. बॅनिस्टर चौथे आले. स्वदेशीच्या वृत्तपत्रांनी त्यांच्या एकांड्या, आपल्याच मताने चालण्याच्या पद्धतीवर झोड उठविली. हे सारे सांगताना लेखकाने सबबींचा आश्रय घेतलेला नाही. आपल्याला झोप कशी आली नाही, अंतिम शर्यतीपूर्वीच आपली शक्ती कशी ओसरल्यासारखी वाटत होती, आणि परत आल्यावर पुढे धावावे की थांबावे ह्याचा निर्णय करण्यास दोन महिने कसे लागले, हे त्यांनी साध्या शब्दांत मांडले आहे. हेलसिंकीला जिंकल्यास खेळ सोडून द्यावयाचा असा त्यांचा बेत होता. ते हरले म्हणूनच आणखी दोन वर्षे धावले, आणि म्हणूनच ६ मेची संध्याकाळ उगवली. जगाने ज्याला अपयश म्हटले त्याच्याच पोटी तो विक्रम जन्मला, ही गोष्ट लेखकाने नैतिक पाठ म्हणून न सांगता केवळ क्रमाने सांगितली आहे. त्यामुळेच ती मनावर ठसते.

पुढील दोन वर्षांच्या तयारीचे वर्णन आरोग्य आणि व्यायाम ह्या विषयांत रस असलेल्या वाचकांनी मुद्दाम वाचावे. आपल्याकडे व्यायामावरील ग्रंथांची उणीव नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड हे त्या परंपरेचे भूषण होय. परंतु व्यायाम करणाऱ्याचे मन त्या काळात कसकसे वागते ह्याची नोंद ठेवणारे वाङ्मय सर्वत्रच विरळ आहे. बॅनिस्टर वैद्यकाचे विद्यार्थी असल्यामुळे त्यांना स्वतःचा देह ही एक प्रयोगशाळाच झाली होती. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी फिरत्या पट्ट्यावर धावणाऱ्या माणसांच्या श्वसनावर संशोधन केले. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वाढविल्यास माणूस किती अधिक वेळ दम धरू शकतो, हे त्यांनी इतरांवर आणि स्वतःवर, गळून जाईपर्यंत, तपासून पाहिले. लंडनला आल्यावर मात्र सरावासाठी त्यांच्याजवळ दुपारच्या सुट्टीतील अर्धा-पाऊण तास तेवढा होता. रुग्णालयाजवळच्या मैदानात जाऊन पाव मैलाच्या दहा धावा, प्रत्येक दोन धावांमध्ये दोन मिनिटांची विश्रांती, असा त्यांचा मुख्य क्रम असे. १९५३ च्या हिवाळ्यात प्रत्येक धावेला सरासरी ६६ सेकंद लागत. पुढील एप्रिलपर्यंत ती सरासरी ६१ वर आली आणि तेथेच अडून बसली. चार मिनिटांच्या मैलासाठी तर पाव मैलाला ६० सेकंदांहून कमी वेळ लागला पाहिजे. अशा वेळी सामान्य माणूस सराव दुप्पट करील. बॅनिस्टर आणि त्यांचा मित्र ख्रिस ब्रॅशर ह्यांनी सराव बंद केला, स्कॉटलंडमधील ग्लेनको येथे जाऊन काही दिवस डोंगर चढले, आणि परत आल्यावर त्याच दहा धावा ५९ च्या सरासरीने धावून दाखविल्या.

हा प्रसंग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. अडलेल्या ठिकाणी अधिक जोर लावणे म्हणजेच प्रयत्न, अशी आपली एक समजूत असते. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या बाबतीतही आपण हाच न्याय लावतो. शरीर आणि मन ह्यांना काही काळ मोकळे सोडणे हाही प्रयत्नाचाच भाग होय, हे येथे ६१ आणि ५९ ह्या दोन आकड्यांत सिद्ध झाले आहे. तंदुरुस्ती म्हणजे देहाला सतत पिळत राहणे ही कल्पना बॅनिस्टर ह्यांना कधीच मान्य नव्हती. त्यांच्या मते खेळ हा भरल्या आयुष्याचा एक कोपरा होता, आणि तो कोपरा असल्यामुळेच त्यात इतकी धग साठू शकत होती.

प्रत्यक्ष शर्यतीच्या वर्णनातही लेखकाने आपला संयम सोडलेला नाही. सकाळी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील सहाणेवर त्यांनी आपल्या बुटांचे खिळे घासून धारदार केले आणि मैदानावरील राख चिकटू नये म्हणून त्यांना ग्राफाइट चोळले. आगगाडीने ऑक्सफर्डला जाताना फ्रांझ श्टांपफ्ल ह्या ऑस्ट्रियन मार्गदर्शकाची गाठ पडली, आणि वारा असूनही प्रयत्न करावा की नाही ह्यावर बोलणे झाले. संध्याकाळपर्यंत वारा पडला नव्हता. जवळच्या चर्चवरील निशाणाकडे पाहत बॅनिस्टर अखेरपर्यंत घुटमळत होते. निशाण थोडे खाली लोंबल्यावर निश्चय झाला. पहिल्या फेरीत अंगात इतका उत्साह होता की, पुढे धावणाऱ्या ब्रॅशरला त्यांनी ओरडून अधिक वेगाने चालण्यास सांगितले. ब्रॅशरने तिकडे लक्ष दिले नाही आणि ठरलेली चाल सोडली नाही. पहिली फेरी ५७.५ सेकंदांत झाली होती; म्हणजे ब्रॅशरचेच बरोबर होते. ब्रॅशरने ऐकले असते तर विक्रम झाला नसता, हे बॅनिस्टर स्वतःच सांगतात. आपल्या सर्वांत मोठ्या यशाच्या मुळाशी मित्राने आपली आज्ञा मोडली हे होते, असे मोकळेपणाने लिहिणारे विजेते किती आढळतील?

ह्या मैत्रीच्या प्रश्नावर थोडे थांबणे इष्ट आहे, कारण ह्या पराक्रमावरील सर्वांत गंभीर आक्षेप तोच आहे. पहिल्या अडीच फेऱ्या ब्रॅशरने आणि पुढे ख्रिस चॅटवेने आघाडी धरून वाऱ्याचा मारा सोसला व वेग राखला. बॅनिस्टर पुढे आले ते शेवटच्या फेरीत. शर्यत म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची झुंज असेल, तर हा प्रकार शर्यतीपेक्षा प्रयोगाच्या जवळचा नव्हे काय? ही शंका केवळ टीकाकारांची नाही. आदल्या वर्षी, जून १९५३ मध्ये, मित्राच्या अशाच मदतीने त्यांनी ४ मिनिटे २ सेकंदांत मैल धावला होता, तेव्हा ब्रिटिश क्रीडाधिकाऱ्यांनी ती खरी शर्यत नव्हे म्हणून तिला मान्यता नाकारली होती. ६ मेचा सामना नियमानुसार ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि हौशी खेळाडूंचा राष्ट्रीय संघ ह्यांच्यात झाला आणि विक्रम निर्वेध मान्य झाला. तथापि मूळ शंकेचे निरसन लेखकाने युक्तिवादाने केलेले नाही. ते पुढे व्हँकूव्हरला प्रत्यक्ष झाले. ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने बॅनिस्टर ह्यांचा विक्रम अवघ्या ४६ दिवसांत मोडून वेळ ३ मिनिटे ५८ सेकंदांवर आणली होती. ७ ऑगस्ट १९५४ रोजी हे दोघे समोरासमोर आले. तेथे कोणी मित्र पुढे धावणारा नव्हता. लँडी बहुतेक शर्यतभर आघाडीवर होता. शेवटच्या वळणावर त्याने डाव्या खांद्यावरून मागे पाहिले आणि त्याच क्षणी बॅनिस्टर उजवीकडून निघून गेले. त्यांची वेळ ३ मिनिटे ५८.८ सेकंद, लँडीची ३ मिनिटे ५९.६ सेकंद. एकटेपणाने मिळविलेला हा विजय वाचल्यावर इफ्ली रोडवरील मित्रांची मदत दुबळेपणाची खूण वाटत नाही. एक काम तिघांनी करावयाचे होते, ते तिघांनी केले. दुसरे एकट्याने करावयाचे होते, ते एकट्याने केले.

येथेच एका लोकप्रिय समजुतीचाही समाचार घेतला पाहिजे. व्याख्यानांतून आणि यशाची गुरुकिल्ली देऊ पाहणाऱ्या पुस्तकांतून असे वारंवार सांगितले जाते की, चार मिनिटांची भिंत ही केवळ मनाची होती, आणि ती एकदा पडताच धावपटूंची झुंबड तिच्यातून आत शिरली. वस्तुस्थिती ह्याहून पुष्कळ साधी आहे. बॅनिस्टर ह्यांच्यानंतर लँडी. आणि त्यानंतर तिसऱ्या माणसाला ही मजल गाठण्यास मे १९५५ उजाडावा लागला. हेग आणि अँडर्सन ह्यांनी युद्धकाळात, तटस्थ स्वीडनमध्ये, हे अंतर सेकंद-दीड सेकंदावर आणून ठेवले होते. बाकीच्या युरोपात त्या वेळी तरुण माणसे मैदानात नव्हती, रणांगणावर होती. तेव्हा नऊ वर्षांच्या खंडाला माणसाच्या भीतीपेक्षा महायुद्ध अधिक कारणीभूत असावे. शरीरशास्त्राचा अभ्यासक असलेल्या बॅनिस्टर ह्यांनी त्या आकड्याला निसर्गाची मर्यादा कधीच मानले नव्हते. चार फेऱ्या आणि चार मिनिटे ह्यांचा मेळ डोळ्यांत भरणारा आहे इतकेच. चार हा आकडा इंग्रजी मोजमापाने दिलेला आहे, देहाने नव्हे. ज्यांना चमत्कार हवा आहे त्यांची ह्या पुस्तकांनी निराशा होईल. ज्यांना कार्यकारणभाव हवा आहे त्यांची होणार नाही.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे वळू. त्याच्या नावातील जोडरस्ते म्हणजे धावणे आणि वैद्यक. वाङ्मयदृष्ट्या हे पुस्तक पहिल्याहून उणे आहे हे प्रथमच सांगून टाकणे बरे. पहिल्यात एका तरुणाचे अस्वस्थ मन पानापानांतून धडधडते. दुसऱ्यात एका यशस्वी वृद्धाची स्मरणवही आहे. मंडळे, पदे, भेटीगाठी ह्यांची नोंद कित्येक ठिकाणी रसहानी करते. १९७५ साली लेखकाला ‘सर’ हा किताब मिळाला, १९८५ ते १९९३ पर्यंत ते ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक महाविद्यालयाचे प्रमुख होते, ह्या गोष्टी सन्मानाच्या असल्या तरी आत्मपरीक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु ह्या उणिवा मान्य करूनही हे दुसरे पुस्तक आम्हांस आवश्यक वाटते, कारण पहिल्यात जी गोष्ट केवळ घोषणा होती तिचा पुरावा ह्यात आहे.

सव्विशीत बॅनिस्टर असे म्हणत होते की, खेळ माणसाला स्वतःची ओळख करून देतो आणि मग त्याने माणसाला मोकळे सोडले पाहिजे. असे म्हणणे सोपे असते. व्हँकूव्हरनंतर त्याच ऑगस्टमध्ये बर्न येथे युरोपचे अजिंक्यपद मिळवून, कीर्तीच्या शिखरावर असताना, वयाच्या पंचविसाव्या वर्षी जो थांबला, त्याने ते म्हणणे पाळले असे म्हणता येईल. लष्करी सेवेत असताना एडनच्या उन्हाळ्यात सैनिकांना होणाऱ्या उष्माघाताचा त्यांनी अभ्यास केला. पुढे लंडनच्या रुग्णालयांत मज्जारोगांचे तज्ज्ञ म्हणून काम करीत असताना त्यांनी स्वायत्त मज्जासंस्थेच्या बिघाडावर, म्हणजे रक्तदाब, घाम, हृदयाची गती ह्या आपल्या नकळत चालणाऱ्या व्यापारांच्या रोगांवर, संशोधन केले आणि त्या विषयावरील एका प्रमाणग्रंथाचे संपादन केले. चार मिनिटांच्या मैलापेक्षा ह्या कामाचा आपल्याला अधिक अभिमान वाटतो, असे ते नेहमी सांगत. ऐकणाऱ्यांना तो विनय वाटे. दुसरे पुस्तक वाचल्यावर ते सरळ सत्यकथन होते अशी खात्री पटते.

खेळाशी मात्र त्यांनी नाते तोडले नाही. फक्त ते बदलले. १९७१ ते १९७४ ह्या काळात ब्रिटनच्या क्रीडामंडळाचे अध्यक्ष असताना खेळ सर्वांना उपलब्ध व्हावा ह्या चळवळीला त्यांनी चालना दिली आणि स्नायू फुगविणाऱ्या औषधांचा वापर ओळखण्याची चाचणी तयार करवून घेण्यात पुढाकार घेतला. ह्या दोन गोष्टी एकाच दृष्टीच्या दोन बाजू आहेत. ज्याच्या लेखी धावणे म्हणजे वाळूवरच्या मुलाला लाभलेला आनंद, त्याला तो आनंद थोड्या निवडकांपुरता ठेवणे जसे खटकेल, तसेच औषधाच्या सुईने मिळविलेला विजयही खटकेल.

आणि मग देहाची परीक्षा आली. १९७५ साली मोटारच्या अपघातात घोट्याला जबर दुखापत झाली आणि त्यानंतर बॅनिस्टर ह्यांना धावता आले नाही. उतारवयात त्यांना कंपवाताने, ज्याला पार्किन्सनचा रोग म्हणतात त्याने, गाठले. जन्मभर ज्या संस्थेच्या रोगांवर उपचार केले, त्याच मज्जासंस्थेच्या रोगाने वैद्याला घेरावे, ह्यात दैवाचा उपहास दिसतो खरा. बॅनिस्टर ह्यांनी मात्र त्याचे भांडवल केलेले नाही. एखाद्या रुग्णाची टाचणे करावीत त्या शांतपणे त्यांनी हा विषय हाताळला आहे. ज्यांचे सारे व्यक्तित्व स्नायूंवर उभे असते, त्यांचे आयुष्य स्नायू थकताच ओसाड होते. अशी करुण उदाहरणे प्रत्येक देशाच्या क्रीडेतिहासात आहेत. येथे तसे झाले नाही, कारण येथे देह हे साधन होते, आणि साधन झिजले तरी ज्यासाठी ते वापरावयाचे ती कामे शिल्लक होती.

येथपर्यंत स्तुती झाली. आता जी गोष्ट आमच्या मनाला खटकते ती सांगितली पाहिजे. खेळाला आयुष्याचा एक कोपरा मानण्याचे हे तत्त्वज्ञान कोणाला परवडते? ज्याच्या पुढ्यात ऑक्सफर्डचे शिक्षण आणि वैद्यकाचा व्यवसाय वाढून ठेवलेला आहे, तो पंचविसाव्या वर्षी खुशाल मैदान सोडू शकतो. बॅनिस्टर धनिकाचे पुत्र नव्हते, त्यांनी गुणांवर विद्यापीठ गाठले, हे मान्य. परंतु त्यांच्या समाजाने अशा गुणी मुलासाठी एक वाट बांधून ठेवली होती. ती वाट प्रत्येक ठिकाणी नसते, ह्याची जाणीव ह्या पुस्तकांत पुरेशी तीव्र नाही.

उदाहरण दूरचे नाही. हेलसिंकीच्या त्याच सामन्यांत, बॅनिस्टर चौथे आले त्याच्या तीनच दिवस आधी, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बॅनिस्टर ह्यांना अधिकची फेरी जाचली. खाशाबांनाही एका लांबलेल्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता पुन्हा उतरावे लागले, असे त्यांच्या चरित्रकथनांत सांगितले जाते. परंतु साम्य येथेच संपते. खाशाबांना हेलसिंकीला जाण्यासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे ऑलिंपिक हुकले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला, आणि सरकारचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी आला. खेळाला आयुष्यात किती जागा द्यावी हा प्रश्न खाशाबांना कोणी विचारलाच नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न आगबोटीचे भाडे कोठून आणावे हा होता.

तेव्हा बॅनिस्टर ह्यांचे तत्त्वज्ञान खोटे ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. ते अपुरे ठरते. खेळानंतरही माणूस म्हणून जगता यावे ही त्यांची मागणी रास्तच आहे. फक्त ती एकट्या खेळाडूच्या मनोधैर्यावर सोपविता येत नाही. ज्या समाजाला विजयी तरुण मिरवणुकीपुरता हवा असतो आणि मिरवणूक संपताच नकोसा होतो, त्या समाजात खेळ हा कोपरा राहू शकत नाही. तो तरुणाचे सर्वस्व तरी होतो, नाहीतर पालक त्याला तो उंबरठ्यावरच थांबवितात. आपल्या मध्यम वर्गाच्या घरांतून आजही ह्या दोन्ही टोकांचे दर्शन घडते. एका घरात मुलाला मैदानावर पाठविणे म्हणजे अभ्यासाचे वाटोळे समजतात. दुसऱ्या घरात आठ वर्षांच्या मुलीचा प्रत्येक दिवस तिच्या भावी पदकाला तारण म्हणून दिला जातो. पहिले घर वाळूवरचा आनंद नाकारते, दुसरे तो आनंद व्याजाने लावते. दोघांनाही हे पुस्तक एक तिसरी वाट दाखवू शकेल: दुपारच्या सुट्टीतील पाऊण तास, पण त्या पाऊण तासात काहीही हातचे राखून न ठेवणे.

वाङ्मय म्हणून ‘द फर्स्ट फोर मिनिट्स’ हे पुस्तक श्रेष्ठ प्रतीचे आहे, आणि ‘ट्विन ट्रॅक्स’ त्याचे थोडे लांबलेले पण प्रामाणिक भाष्य आहे. ज्यांना एकच वाचावयास सवड आहे त्यांनी पहिले वाचावे. मात्र पहिले वाचून ज्यांच्या मनात, हे सारे तरुणपणीचे बोलणे झाले, पुढे काय, असा प्रश्न उभा राहील, त्यांना दुसऱ्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. चार मिनिटांना एका सेकंदाहूनही कमी काळ उणा पडला असता तर कोणी आठवणही ठेवली नसती, आणि ज्या साठ वर्षांनी त्या चार मिनिटांना अर्थ दिला ती साठ वर्षे जगाने फारशी पाहिली नाहीत. लेखकाने दोन्हींचा हिशेब मांडून ठेवला आहे, आणि त्यात जमेच्या बाजूला त्याने स्वतः कोणता आकडा मोठा लिहिला, हे वाचकाने पुस्तक उघडूनच पाहावे.